चकवा

तीन वर्षांपूर्वी, जूनमधल्या एका सकाळी माझे काका दूध आणायला खाली उतरले आणि अडीच तास घरी परतले नाहीत. दुधाचे दुकान कोथरूडच्या आमच्या इमारतीपासून जेमतेम ४०० पावलांवर आहे आणि त्या वाटेने काका त्याआधीची चार वर्षे जवळजवळ रोज जात होते. आम्ही आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, रिक्षाथांब्यावर विचारून आलो, मी दोनदा दुकानापर्यंत धावत गेले. शेवटी ते माझ्या मुलाला सापडले. दुकानाच्या मागच्याच गल्लीत, शटर ओढलेल्या एका गाळ्याच्या पायरीवर, दुधाची पिशवी मांडीवर घेऊन ते स्वस्थ बसले होते. मला पाहिल्यावर एवढेच म्हणाले, "माका चकवो लागलो गो." आणि माझ्या डोळ्यांतले पाणी पाहून त्यांनीच मला समजावले की चकवा लागल्यावर माणसाने चालत राहू नये, आहे तिथे बसावे.

कोकणात वाढलेल्यांना चकवा सांगावा लागत नाही. सड्यावर किंवा रानात माणूस आपण सरळ चालतो आहोत अशा समजुतीने पावले टाकत असतो आणि तासाभराने ज्या झाडापासून निघाला त्याच झाडापाशी येऊन उभा राहतो. त्याला तसे फिरवणारे जे काही असते, ते भूत मानले जाते आणि त्याला चकवा म्हणतात. काका देवगड तालुक्यात ३४ वर्षे पोस्टमन होते. मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरी घेऊन ते वाडीवाडीने पायी फिरत, आणि दोन वाड्यांच्या मध्ये बहुधा कातळाचा सडा असे, ज्यावर पावसाळ्यात ढग उतरले की दहा हातांवरचा गडगासुद्धा दिसत नाही. अशा एका दिवशी त्यांना चकवा लागला होता आणि पोस्टाची पिशवी पोटाशी धरून ते दोन तास एका दगडावर बसून राहिले होते, ही गोष्ट आम्ही लहानपणी अनेकदा ऐकली होती. मी तिला अंधश्रद्धा समजत असे.

चकवा खरा आहे हे मला फार उशिरा, वाचताना कळले. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहा जणांना एका मोठ्या, सपाट अरण्यात सोडून काही तास सरळ चालत राहायला सांगितले होते आणि त्यांचा मार्ग उपग्रहांच्या साहाय्याने नोंदवला होता. ज्या दोघांच्या वेळी ऊन होते ते जवळपास सरळ चालले. ज्या चौघांच्या वेळी आकाश झाकोळलेले होते, ते चौघेही गोल फिरले आणि त्यांतल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, तरी त्यांच्या ते लक्षात आले नाही. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे तर कधी कधी २० मीटर व्यासाइतकी लहान निघाली. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असल्यामुळे असे होते म्हणावे, तर एकच माणूस कधी डावीकडे कलत होता, कधी उजवीकडे. कारण असे दिसते की, 'समोर' म्हणजे कोणती दिशा याचा आपल्या आतला अंदाज प्रत्येक पावलाला किंचित ढळत असतो आणि सूर्य, डोंगर किंवा देवळाचा कळस तो अंदाज नकळत पुन्हा जागेवर आणत असतो. बाहेरची खूण नाहीशी झाली की ढळणे साचत जाते. याच प्रयोगाचा एक भाग ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात झाला होता. तिथे रात्री चालणारा माणूस चंद्र ढगाआड जाईपर्यंत सरळ गेला आणि चंद्र दिसेनासा झाल्यावर वळत वळत आल्या दिशेला लागला.

ट्युनिशियाच्याच वाळवंटी प्रदेशात रूडिगर वेनर यांनी कित्येक दशके मुंग्यांचा अभ्यास केला. तिथली लांब पायांची मुंगी खाणे शोधत वेडीवाकडी भटकते आणि खाणे सापडताच नाकासमोर सरळ वारुळाकडे परतते, कारण गेलेल्या प्रत्येक वळणाचा आणि अंतराचा हिशेब ती चालता चालता करत असते. दिशा ती आकाशातल्या प्रकाशावरून ओळखते. अंतर ती कसे मोजते, हे २००६ साली एका प्रयोगातून उघड झाले. खाण्यापाशी पोहोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे केस चिकटवून ते लांब केले गेले, तर काहींचे पाय आखूड केले गेले. लांब पायांच्या मुंग्या वारूळ ओलांडून पुढे गेल्या आणि आखूड पायांच्या अलीकडेच थांबून वारूळ शोधू लागल्या. मुंगी पावले मोजते. त्या मुंग्यांना जे सोसावे लागले ते वाचताना मला अस्वस्थ वाटले आणि ती अस्वस्थता पुढच्या सगळ्या वाचनात सोबत राहिली. पण मुंगीचा आणि माणसाचा मेंदू यांच्यात रचनेचे फारसे साम्य नसताना दोघांपुढचा हिशेब मात्र एकच आहे, ही गोष्टही माझ्या मनातून गेली नाही.

काकांचा कोथरूडमधला चकवा मात्र या हिशेबात बसत नव्हता. त्या दिवशी लख्ख ऊन होते. गल्लीच्या टोकाला दत्ताचे देऊळ दिसत होते, पिठाची गिरणी होती, आमच्या इमारतीची पाण्याची टाकीसुद्धा तिथून दिसते. खुणा होत्या, त्या खुणांवरून घर कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना समजत नव्हते. आणि त्याच संध्याकाळी, माझ्या मुलाने सहज विचारले म्हणून, त्यांनी आपली जुनी टपालाची फेरी पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सांगितली: साकव ओलांडला की डावीकडची पाणंद, तिच्या तोंडाशी वाकडी सातवीण, पुढे दोन घरे सोडून विहीर, विहिरीवरून सड्यावर चढायचे. कोणत्या घरचा कुत्रा अंगावर येत असे, तेही त्यांनी सांगितले.

ज्या पहिल्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो, त्यांनी वयाचा परिणाम म्हणून हा विषय संपवला. त्यांनी काकांना तारीख, वार, पंतप्रधानांचे नाव विचारले, तीन शब्द सांगून ते थोड्या वेळाने म्हणून घेतले आणि बहुतेक उत्तरे बरोबर आल्याने समाधान व्यक्त केले. दवाखान्यातून बाहेर कोणत्या दाराने जायचे, एवढे जरी त्यांनी काकांना विचारले असते तरी त्यांना दिसले असते, असे मला आजही वाटते. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करवला, फिल्म उजेडापुढे धरली आणि कानशिलांच्या आतल्या बाजूला असलेल्या दोन वळलेल्या पट्ट्या दाखवून सांगितले की हा हिप्पोकॅम्पस आहे, तो आक्रसला आहे आणि ही अल्झायमर्सची सुरुवात आहे. सोळाव्या शतकात बोलोन्याच्या आरान्झी या शरीररचनातज्ज्ञाने त्या भागाला समुद्री घोड्याचे नाव दिले, कारण तो तसा दिसतो. त्या रात्री मी वाचायला बसले. माझा प्रश्न साधा होता: वाट हरवणे आणि आठवण हरवणे हे दोन आजार आहेत की एकच?

या प्रश्नाच्या एका टोकाला एक माणूस आहे आणि दुसऱ्या टोकाला उंदीर.

तो माणूस म्हणजे हेन्री मोलेसन. अपस्माराच्या झटक्यांनी बेजार झालेल्या या २७ वर्षांच्या तरुणावर १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात विल्यम स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया केली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग, त्याच्या शेजारच्या भागांसह, काढून टाकला. झटके कमी झाले, पण त्या दिवसानंतरची नवी घटना हेन्रींच्या मनात टिकेनाशी झाली. माँट्रियलहून त्यांना तपासायला येणाऱ्या ब्रेंडा मिलनर प्रत्येक भेटीत त्यांना नव्यानेच भेटत होत्या. मिलनर आणि स्कोव्हिल यांचा १९५७ सालचा शोधनिबंध हा स्मृतीच्या अभ्यासाचा पायाच ठरला, आणि हेन्री पुढची पाच दशके 'एच. एम.' या दोन अक्षरांनी जगाला माहीत राहिले. त्यांचे पूर्ण नाव २००८ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे कसब ते सरावाने शिकले, पण आपण हे पूर्वी केले आहे याची त्यांना दर वेळी आठवण नसे. एका पटावर ठरावीक टप्प्यांवरून कांडी नेत वाट शोधण्याची चाचणीही मिलनर यांनी त्यांना दिली होती, आणि २०० हून अधिक प्रयत्नांनंतरही ती वाट त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. या चाचणीचा उल्लेख हेन्रींच्या कथेत सहसा ओझरता येतो. मला ती फार महत्त्वाची वाटते.

या निबंधानंतर ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी हाच विस्मृतीचा आजार प्राण्यांमध्ये निर्माण करून पाहायचे ठरवले, आणि इथेच गाडी अडली. हिप्पोकॅम्पस काढलेले उंदीर पुष्कळ गोष्टी व्यवस्थित शिकत होते. दोन आकृत्यांपैकी कोणत्या आकृतीमागे खाऊ आहे हे त्यांच्या ध्यानात राहत होते, कळ दाबायला ते शिकत होते. माणसाच्या मेंदूतला जो भाग गेल्यावर आठवणच राहत नाही, तोच भाग गेल्यावर उंदराचे फारसे बिघडत नाही, असा याचा अर्थ होत होता. मग उंदरावरून माणसाबद्दल काही सांगता येते हा विश्वासच डळमळीत झाला. पुढे समजलेले उत्तर असे की, चूक उंदरांची नव्हती, त्यांना विचारलेल्या प्रश्नांची होती. माझ्या काकांना पहिल्या डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांची जी होती, जवळजवळ तीच.

योग्य प्रश्न खरे तर आधीच विचारला गेला होता. बर्कलीचे एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच उंदीर आणि माणूस एकत्र आले होते आणि दोघांच्याही डोक्यात परिसराचा नकाशा असतो असे त्यात म्हटले होते. खाण्यापर्यंत जाणारी वळणाची वाट शिकलेल्या उंदरांपुढे ती वाट बंद करून, चहूकडे फुटणाऱ्या नव्या वाटा ठेवल्या, तर पुष्कळ उंदीर खाण्याच्या रोखाने सरळ जाणारी, कधीही न चाललेली वाट निवडतात, हे त्यांनी दाखवले होते. म्हणजे उंदराने डावे-उजवे पाठ केलेले नव्हते. खाणे कुठे आहे हे त्याला माहीत होते. पण त्या काळी डोक्यातल्या नकाशाची भाषा फार थोड्यांना शास्त्रीय वाटत होती, कारण तो नकाशा कोणी पाहिलेला नव्हता.

तो पहिल्यांदा दिसला १९७१ साली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये केसाहून बारीक तारा बसवून एकेका पेशीचे विद्युतस्पंद ऐकले. त्यांनी तपासलेल्या ७६ पेशींपैकी ८ पेशी अशा निघाल्या की, उंदीर चौथऱ्याच्या एका विशिष्ट जागी आला की त्या बोलत आणि तिथून हलला की गप्प होत. केवळ आठ पेशी. त्यांना पुढे स्थानपेशी हे नाव मिळाले. ओकीफ यांनी संशोधनाचे शिक्षण माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात घेतले होते, आणि ब्रेंडा मिलनर याही मॅकगिलच्याच, हे कळले तेव्हा मला विशेष आनंद झाला. ज्या गावात विस्मृतीने ग्रासलेल्या माणसाची नोंद लिहिली गेली, त्याच गावातून उंदराच्या मेंदूतली जागा शोधणारा तरुण बाहेर पडला होता.

आणि मग १९८२ सालचा निबंध येतो. मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांनी एक मोठा गोल हौद बांधला, पाण्यात दूध मिसळून ते गढूळ केले आणि पृष्ठभागाखाली बोटभर खोल एक लहानसा ओटा लपवला. उंदराला पोहता येते, पण आवडत नाही. तो ओटा शोधत फिरतो आणि काही फेऱ्यांनंतर हौदात कुठूनही सोडला तरी भिंतीवरच्या खुणा पाहून थेट ओट्याकडे पोहत जातो. हिप्पोकॅम्पस काढलेल्या उंदराला हे जमेना. ओटा पाण्यावर दिसत असेल तर तो सरळ तिकडे जाई, म्हणजे पोहणे, पाहणे, सुटकेची इच्छा सगळे शाबूत होते. लपलेला ओटा मात्र त्याला दर वेळी नव्याने शोधावा लागे. त्या निबंधात मॉरिस यांच्याबरोबर ओकीफ यांचेही नाव आहे. दुधाळ पाण्यात गोल गोल पोहणारा तो उंदीर, पटावर दोनशेव्यांदा कांडी फिरवणारे हेन्री आणि दुधाची पिशवी घेऊन पायरीवर बसलेले काका हे माझ्या मनात त्या रात्री शेजारी शेजारी आले, आणि मला माझ्या प्रश्नाच्या उत्तराची पहिली चाहूल लागली.

पुढचा टप्पा नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचा आहे. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसेर यांनी, पूर्वी ओकीफ यांच्याकडे काही काळ शिकून, हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणाऱ्या एंटोरायनल कॉर्टेक्स या शेजारच्या भागात शोध घेतला. २००५ साली त्यांच्या गटाने तिथल्या ज्या पेशींचे वर्णन केले, त्यांतली एकेक पेशी एका जागी नव्हे, तर अनेक जागी स्पंदत होती, आणि त्या सगळ्या जागा जमिनीवर मांडून पाहिल्या तर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी तयार होत होती. जमिनीवर अशी जाळी कुठेही नसते. ती मेंदू स्वतः अंथरतो आणि तिच्यावर पावले मोजतो. वाळवंटातली मुंगी जो हिशेब करते, त्याचे उंदराच्या मेंदूतले वहीपुस्तक असावे, असे मला ते चित्र पाहताना वाटले. डोके कोणत्या दिशेला वळले आहे हे सांगणाऱ्या दिशापेशी त्याआधीच, १९८४ साली, जेम्स रँक यांना सापडल्या होत्या. ओकीफ आणि मोसेर दांपत्य यांना २०१४ सालचे नोबेल मिळाले.

हे सगळे उंदरांचे झाले. माणसाच्या मेंदूत तारा घालून त्याला कोणी हौदात सोडू शकत नाही आणि सोडूही नये. तरीही एक दार उघडे होते, आणि ते पुन्हा अपस्मारातूनच उघडले. झटक्याचे मूळ शोधण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूत उपचाराचा भाग म्हणून तारा बसवाव्या लागतात आणि त्यांना काही दिवस रुग्णालयात पडून राहावे लागते. अशा रुग्णांनी संमती दिल्यावर २००३ साली त्यांना संगणकावर एक खेळ दिला गेला, ज्यात एका काल्पनिक गावात टॅक्सी चालवून प्रवाशांना दुकानांपाशी सोडायचे होते. हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी गावाच्या विशिष्ट जागी स्पंदल्या. माणसातही स्थानपेशी होत्या. दहा वर्षांनी, अशाच रुग्णांमध्ये, जाळीपेशींच्याही खुणा मिळाल्या. स्वतःच्या आजारपणात, डोक्याला पट्टी बांधलेली असताना, अनोळखी गावात टॅक्सी चालवणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. हेन्रींबद्दल वाटतो तितकाच.

लंडनच्या मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांनी खऱ्या टॅक्सीचालकांकडे मोर्चा वळवला. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करून कठीण परीक्षा द्यावी लागते. २००० साली त्यांनी १६ चालकांच्या मेंदूंची छायाचित्रे इतरांशी ताडून पाहिली आणि चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा, पुढचा भाग लहान आढळला. त्या निबंधाच्या सुरुवातीलाच दाणे साठवणाऱ्या पक्ष्यांचा उल्लेख आहे: जे पक्षी हजारो जागी बिया पुरून महिन्यांनी त्या शोधतात, त्यांचा हिप्पोकॅम्पस इतर पक्ष्यांच्या तुलनेने मोठा असतो हे तोपर्यंत माहीत झाले होते. पक्ष्याचा प्रश्न माणसाला विचारला गेला होता. २००६ साली मॅग्वायर यांच्या गटाने बसचालकांशीही तुलना केली, कारण तेही त्याच शहरात तितकेच तास गाडी चालवतात. पण त्यांचा मार्ग ठरलेला असतो, आणि त्यांच्यात हा फरक आढळला नाही. पुढे, २०११ साली, परीक्षेची तयारी करणाऱ्या ७९ उमेदवारांचा सुरुवातीपासून पाठपुरावा केल्यावर दिसले की जे ३९ जण उत्तीर्ण झाले, त्यांच्याच हिप्पोकॅम्पसमध्ये वाढ झाली होती.

इथे मला माझ्या घरातले दोन भाऊ आठवले. माझे वडील एसटीचे चालक होते आणि काका पोस्टमन. वडिलांचा रस्ता ठरलेला होता. काकांची फेरी मात्र दर सकाळी पोस्टातल्या टेबलावर नव्याने ठरत असे, कारण आज कोणत्या वाडीचे टपाल आले आहे त्यावर चढायचे कुठून आणि उतरायचे कुठे हे अवलंबून असे. लंडनचा टॅक्सीचालक जे डोक्यात करतो, तेच ते पायी करत होते. त्यांच्या मेंदूची तारुण्यातली छायाचित्रे कोणी घेतलेली नाहीत, त्यामुळे त्याच्याबद्दल मी काहीही ठामपणे म्हणू शकत नाही. पण आक्रसलेल्या त्या दोन पट्ट्यांनी ३४ वर्षे एवढे काम केले होते, हे मला त्या फिल्मकडे पाहताना माहीत असायला हवे होते.

अल्झायमर्समध्ये पेशींच्या आत साचणाऱ्या प्रथिनांच्या गुंत्यांची सुरुवात कुठे होते, हे ब्राक या जर्मन शरीररचनातज्ज्ञ दांपत्याने १९९१ साली दाखवले होते. ती एंटोरायनल कॉर्टेक्सपाशी होते. म्हणजे ज्या भागात पुढे मोसेरांना जाळी सापडली, तोच भाग या आजारात आधी झिजतो. शब्द, नावे, पाढे, तारखा यांना धक्का लागण्यापूर्वी माणूस वाट चुकू शकतो, याचे कारण त्यात आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. वाट आणि आठवण हे दोन आजार नव्हते, कारण मेंदूत त्या दोन गोष्टी मुळात एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नव्हत्या. घडलेली गोष्ट आठवायची म्हणजे ती कुठे घडली तिथे मनाने जायचे, आणि मनाने जाण्याची वाट हिप्पोकॅम्पसमधून जाते.

मग जुनी टपालाची फेरी काकांना तोंडपाठ कशी? याचेही उत्तर रुग्णांनीच दिले आहे. कॅलिफोर्नियातला 'ई. पी.' या अक्षरांनी ओळखला जाणारा एक वृद्ध गृहस्थ, ज्याचा हिप्पोकॅम्पस विषाणूच्या आजारात नष्ट झाला होता, पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या बालपणीच्या गावात कुठून कुठे कसे जायचे, आणि नेहमीचा रस्ता बंद असेल तर कुठून वळसा घ्यायचा, हे अचूक सांगत असे. आजारानंतर तो जिथे राहत होता त्या परिसरातली एकही वाट मात्र त्याला सांगता येत नव्हती. लंडनच्या 'टी. टी.' या टॅक्सीचालकाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस निकामी झाल्यावरही तो संगणकावरच्या लंडनमध्ये मुख्य रस्त्यांवरून बरोबर गाडी नेई, पण मुख्य रस्ता सोडून गल्लीबोळांत शिरायची वेळ आली की हरवत असे. जुने नकाशे मेंदूत इतरत्र जाऊन मुरतात, पण बारकावे मुरताना थोडे झिजतात, असे यावरून वाटते. हेन्रींनीही एक आश्चर्य करून ठेवले होते. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी ते ज्या घरात राहायला गेले, त्या घराचा आराखडा त्यांनी पुढे कागदावर काढून दाखवला होता. वर्षानुवर्षे रोज त्याच खोल्यांतून फिरून, हिप्पोकॅम्पसच्या उरलेल्या आधारावर, नवे घर थेंबाथेंबाने त्यांच्यात उतरले होते. ही गोष्ट मी वाचली त्या दिवशी आमच्या दारात तुळशीची कुंडी ठेवली आणि काकांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेतली एकही वस्तू हलवायची नाही असा घरात नियम केला.

उंदरावरून माणसाकडे येताना काही गोष्टी हातातून निसटतात, हे मी नाकारत नाही. उंदीर खऱ्या पायांनी मीटर-दीड मीटरच्या पेटीत फिरतो; माणूस एमआरआयच्या यंत्रात निश्चल पडून पडद्यावरच्या गावात फिरतो, आणि त्या वेळी त्याच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला काहीही कळत नसते. जागा मोठी झाली की गोष्ट बदलते, हेही दिसले आहे: इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने वटवाघळांना २०० मीटर लांबीच्या बोगद्यात उडू दिले, तेव्हा एकाच पेशीला लहानमोठ्या आकाराच्या अनेक जागा असल्याचे आढळले, जे पेटीतल्या उंदरावरून कोणी सांगितले नसते. हिप्पोकॅम्पस मुळात नकाशासाठी आहे की आठवणीसाठी, यावर अजूनही दोन पक्ष आहेत. प्रिन्स्टनमध्ये २०१७ साली उंदरांना एक दांडा हलवून सूर चढवत ठरावीक पट्टीपर्यंत न्यायला शिकवले, तर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी विशिष्ट सुरांवर स्पंदू लागल्या, जणू सूर हीच एक वाट होती. मला वाटते, जमीन चालण्यासाठी तयार झालेले हे साधन पुढे इतर सगळ्याच गोष्टींमधून चालायला वापरले गेले असावे. आपण 'गोष्ट कुठवर आली' असे विचारतो, 'पुढे काय' असे म्हणतो, 'मागचे' आठवतो. भाषेने हे आधीच ओळखले होते.

गेल्या वर्षी श्रावणात मी काकांना गावी घेऊन गेले. सड्याचा बराच भाग आता हापूसच्या बागांनी व्यापला आहे. कातळ फोडून कलमे लावली आहेत, भोवती चिऱ्यांचे कुंपण आहे, आणि काकांच्या पायवाटांपैकी निम्म्याअधिक त्या कुंपणांखाली गेल्या आहेत. साकव मात्र अजून आहे. तो ओलांडल्यावर मी मागे राहिले आणि त्यांना पुढे जाऊ दिले. ते डावीकडच्या पाणंदीला लागले, सातविणीपाशी थांबले, तिच्या बुंध्यावर हात ठेवून पुढे निघाले, आणि कोथरूडच्या फरशीवर घसटत चालणारे त्यांचे पाय कातळावर आले की किती नेमके पडतात हे मी बघत राहिले. विहिरीपाशी मात्र वाट संपली होती. जिथून सड्यावर चढायचे, तिथे नवे कुंपण आणि लोखंडी फाटक होते, आणि वर ढग उतरले होते. काकांनी फाटकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ती पायरीवरची सकाळ पुन्हा आलेली मला दिसली. मी काही सांगण्याआधीच ते विहिरीच्या काठावर बसले आणि मलाही त्यांनी हाताने बसायची खूण केली.

आम्ही अर्धा तास बसलो असू. पाऊस आला आणि थांबला. ढग थोडा सरकल्यावर पश्चिमेकडून समुद्राचा आवाज यायला लागला. काकांनी मान त्या बाजूला वळवली, बराच वेळ ऐकले, मग उठून फाटकाकडे पाठ केली आणि विहिरीमागच्या, मला गवतात दिसलीही नव्हती अशा एका घळीतून चढायला सुरुवात केली. वर पोहोचलो तेव्हा पलीकडच्या वाडीची कौले समोर होती.